दफ्तर, रुमाल आणि ओढून सोडलेली फाईल

गेल्या वर्षी जूनमध्ये एक चाचा शाळेत आले. वय सत्तरीच्या पुढे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशन कार्ड, आधार कार्ड आणि नातीचा बारावीचा निकाल. नातीला नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी ओबीसीचा दाखला हवा होता. म्हणाले, "सर, आमचे अब्बा याच शाळेत शिकले म्हणतात. त्यांची नोंद भेटली तर पोरीचं काम होते जी."

महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. वाडवडिलांच्या शाळेतली नोंद हा त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा. पण आपल्या समाजाची इथे एक जुनी अडचण आहे. जुन्या रजिस्टरांत जातीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द लिहिलेला असतो, 'मुसलमान'. मग तो बागवान असो, तांबोळी असो, मोमीन असो की पिंजारी. नशीब चांगलं असेल तर शेजारच्या रकान्यात वडिलांचा पेशा लिहिलेला सापडतो आणि तिथून वाट निघते.

आमच्या शाळेत १९३० च्या दशकातलं एक उर्दू दाखल-खारीज रजिस्टर आहे. पानं पिवळी पडून कडांना तुटायला लागली होती. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद असताना मी त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला, संगणकावर टाकला आणि कोणतं नाव कोणत्या पानावर, याची यादीही केली. या कामाचा मला थोडा अभिमान होता. म्हणून चाचांना म्हटलं, "बसा, दहा मिनिटांत सांगतो."

दहा मिनिटं झाली, तास झाला. फोल्डर जागेवर नव्हतं. कोणी पुसलं नव्हतं, रिसायकल बिनमध्येही नव्हतं. चाचांना चार दिवसांनी यायला सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पिशवी उचलून निघाले. सरकारी कामात 'नंतर या' ऐकायची त्यांना सवय होती. मला मात्र वाईट वाटलं, कारण या वेळी 'नंतर या' म्हणणारा मी होतो.

तिसऱ्या रात्री फोल्डर सापडलं. ते 'शालेय पोषण आहार' नावाच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसलं होतं. कधीतरी डबल क्लिक करताना माझ्याच हातून ते ओढलं गेलं होतं आणि शेजारच्या फोल्डरवर सुटलं होतं.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात राहिला. कागद जागेवर ठेवायची ही विद्या आपल्याकडे शेकडो वर्षांची. मग माऊसच्या एका धक्क्याने ती कशी कोलमडते? उत्तर शोधताना मागे जावं लागलं, आणि मागे गेल्यावर आपलीच भाषा भेटली.

दोऱ्यापासून दफ्तरापर्यंत

इंग्रजीतला 'फाईल' हा शब्द लॅटिनमधल्या दोऱ्याच्या शब्दावरून आला आहे. जुन्या काळी युरोपात कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, ती ओवलेली माळ म्हणजे फाईल. आपल्या बाजारातल्या जुन्या किराणा दुकानांत बिलं तारेवर टोचून ठेवलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना खरी फाईल कशी होती हे वेगळं सांगायला नको.

'दफ्तर' या शब्दाचा प्रवास आणखी लांबचा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडं. कातड्यावर लिहीत म्हणून लिहिलेल्या वहीलाही तेच नाव पडलं. तिथून तो फारसी आणि अरबीत आला, दख्खनच्या सुलतानांच्या कारभारातून मराठीत आला आणि आज पहिलीतल्या पोराच्या पाठीवर बसला आहे. कागद, तारीख, नक्कल, दाखला, हजेरी, शेरा, कारकून हे शब्दही त्याच वाटेने आले. फर्द लिहिणारा तो फर्द-नवीस, म्हणजे फडणीस. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. फारसी लिहिणारा तो पारसनीस. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हे सर्वांना माहीत आहे. तरीही कारभारातले रोजचे कितीतरी फारसी शब्द टिकून राहिले, कारण ते लोकांच्या हातातल्या कामाला चिकटले होते. ज्यावर हा कारभार लिहिला जाई, तो कागदसुद्धा जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने बनत असे. कागजीपुऱ्यातले कागजी कारागीर मुसलमान.

हे कागद ठेवायचे कसे? तर रुमालात. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा. एका विषयाचे कागद एकत्र करून पुडकं बांधायचं, पुडकी रुमालात गुंडाळायची, गाठ मारायची आणि वर चिठ्ठी लावायची. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असे हजारो रुमाल आजही आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या ढिगातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले गेले. मोडी वाचणारे लोक रुमाल सोडत, कागद वाचत, कामाचा बाजूला काढत आणि बाकीचे पुन्हा बांधत. कोणता कागद कोणत्या रुमालातला, हे विसरून चालत नसे. चुकीच्या रुमालात बांधला गेलेला कागद आणि जळालेला कागद यांत शोधणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

आपला भंडारा जिल्हा १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. नंतर इंग्रजांचा मध्य प्रांत आला आणि त्याबरोबर नवी दफ्तरं आली. जमिनीच्या बंदोबस्ताची मिसल आली, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक आलं, शाळेचं दाखल-खारीज आलं. आजही तहसीलमध्ये जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला माणूस मिसल, कोतवाल बुक किंवा दाखल-खारीज यांपैकीच एखादं नाव घेत असतो.

टेबल पडद्यावर आलं

संगणकाच्या पडद्यावर आपल्याला पिवळसर फोल्डर दिसतं. ते अमेरिकन कचेऱ्यांतल्या मनिला फोल्डरचं चित्र आहे. फिलिपिन्समधल्या आबाका नावाच्या झाडाच्या धाग्यापासून तो जाड कागद बनत असे, म्हणून मनिला. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक काढला. त्याच्या पडद्यावर कचेरीचं टेबलच मांडलेलं होतं. त्यावर कागद होते, फोल्डर होते, टपालाचे ट्रे होते. पण त्यात फाईल ओढता येत नसे. फाईल निवडायची, कीबोर्डवरचं 'हलवा' हे बटण दाबायचं आणि मग कुठे ठेवायची ती जागा दाखवायची. म्हणजे हलवण्यासाठी आधी ठरवावं लागे.

ॲपल कंपनीने १९८३ मध्ये 'लिसा' आणि १९८४ मध्ये 'मॅकिंटॉश' आणला आणि बटण दाबून धरून फाईल ओढत नेणं, हवी तिथे सोडून देणं सामान्य माणसाच्या हाती दिलं. पद्धत इतकी सोपी की लहान पोरालाही शिकवावी लागत नाही. पण घोटाळे पहिल्यापासून होतेच. मॅकिंटॉशमध्ये फ्लॉपी बाहेर काढायची एक रूढ पद्धत म्हणजे तिचं चित्र कचऱ्याच्या डब्यावर ओढून नेणं. आतलं सगळं पुसलं जाईल या भीतीने लोकांचा हात थांबायचा.

आपल्याकडे ही विद्या विंडोजमधून आली. १९९० च्या विंडोजमध्ये पत्त्यांचा सॉलिटेअर खेळ होता. लोकांना माऊसने ओढून सोडायची सवय त्या खेळाने लावली, असं सांगतात. माझ्याबाबतीत ते अगदी खरं आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, त्याचा एमएस-सीआयटी कोर्स गावोगावी पोहोचला आणि आम्ही शिक्षक रात्रीच्या बॅचला जाऊन बसू लागलो. बीएडच्या काळात खडू धरलेल्या हाताला माऊस सापडेना. सर म्हणाले, "आधी पत्ते खेळा." पंधरा दिवसांत हात बसला. फाईल ओढायला शिकलो. ओढलेली फाईल नेमकी कुठे जाते, हे मात्र ना कोणी शिकवलं, ना मी विचारलं.

फेरिस्त बदलते, कागद नाही

विंडोजमध्ये एकाच डिस्कवर, म्हणजे सी ड्राइव्हमधून सी ड्राइव्हमध्येच, फाईल ओढली की ती हलते. जुन्या जागेवरून नाहीशी होते. तीच फाईल पेन ड्राइव्हवर ओढली की तिची नक्कल होते, मूळ जागेवरच राहतं. यामागे कारण आहे. एकाच डिस्कवर फाईल हलवताना तिच्यातला मजकूर जागचा हलतच नाही. फक्त डिस्कच्या फेरिस्तीत तिचा पत्ता बदलतो. म्हणून हजार फोटोंचं फोल्डरही डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच दुसरीकडे जातं. रुमाल सोडायला आणि बांधायला वेळ लागायचा. त्या वेळात कारकुनाला आपली चूक लक्षात यायची. इथे चूक व्हायला क्षणही लागत नाही.

शिवाय बटण दाबून ठेवलेलं असताना माऊस फक्त चार पिक्सेल सरकला तरी 'याला ओढायचं आहे' असं विंडोज समजतं. चार पिक्सेल म्हणजे पडद्यावर जेमतेम एक मिलिमीटर. चाळिशी ओलांडलेल्या, दुपारी चार तास फळ्यावर लिहून आलेल्या हाताला एवढा कंप असतोच.

यावर उपाय साधे आहेत. कंट्रोल दाबून ओढलं की नक्कलच होते. शिफ्ट दाबून ओढलं की फाईल हलतेच. उजव्या बटणाने ओढलं तर सोडताना संगणक विचारतो, नक्कल करू की हलवू? आणि चूक झाल्याबरोबर कंट्रोल-झेड दाबलं की फाईल मागे येते. हे चारही उपाय मला वीस वर्षं माऊस हाताळल्यानंतर कळले.

ओढण्यासाठी वेगळं अवजार

माझ्यासारख्या लोकांची पंचाईत ओळखून जगभरच्या प्रोग्रामरांनी ओढून सोडण्याच्या कामासाठी वेगळी जोड-अवजारं केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नेक्स्ट संगणकात फाईलच्या खिडकीवर एक फळी होती. लागणारी वस्तू ओढून तिथे ठेवायची, दुसरं फोल्डर उघडायचं आणि मग फळीवरून उचलायची. स्वयंपाकघरात हातातलं पातेलं क्षणभर ओट्यावर ठेवावं तसं. १९९५ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स थॉमसन यांनी मॅकिंटॉशसाठी 'ड्रॅगथिंग' काढलं. रोजच्या वस्तू ओढून एका पट्टीवर मांडून ठेवायच्या, ही त्याची कल्पना.

मला उपयोगी पडलं ते विंडोजवरचं 'ड्रॉपइट'. फोल्डर सापडल्यावर मी माझी फजिती एका जुन्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितली. तो नागपूरला संगणकाचंच काम करतो. तो म्हणाला, "सर, तुम्ही प्रत्येक फाईल हाताने जागेवर नेता, म्हणून चुकता. एकदा कायदा लिहून द्या, मग सगळ्या फाईली एकाच जागी टाका."

ड्रॉपइट मोफत आहे, त्याचा कोडही खुला आहे. पडद्यावर त्याचं एक छोटं चित्र तरंगत राहतं. कोणतीही फाईल, किंवा एकदम पन्नास फाईली, ओढून त्या चित्रावर सोडायच्या. आपण आधी नियम लिहून ठेवलेले असतात. नावात अमुक शब्द असेल तर अमुक फोल्डरमध्ये. अमुक प्रकारची असेल तर तिकडे. नुसती नक्कल करायची, हलवायची, नाव बदलायचं की अनेक फाईली दाबून एक करायची, हेही नियमात सांगता येतं. नियमात न बसणारी फाईल आली तर ते आपल्याला विचारतं, हिचं काय करू? त्याच नावाची फाईल आधीपासून असेल तर काय करायचं, तेही आधी ठरवून ठेवता येतं. जुन्या भाषेत सांगायचं तर दारात एक फडणीस बसवला.

नियम लिहायला बसलो आणि खरी परीक्षा तिथे झाली. माझ्या फाईलींची नावं पाहिली तर 'नवीन', 'नवीन १', 'फायनल', 'फायनल खरी'. फोटोंची नावं तर मोबाईलने दिलेले नुसते आकडे. अशा नावांवर कोणता नियम चालणार? मग दोन रविवार बसून नावं बदलली. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. असं लिहिलं की फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दाखल-खारीजच्या प्रत्येक फोटोच्या नावात पानाचा क्रमांक घातला. आणि त्या फोल्डरसाठी नियम केला की इथे फक्त नक्कल व्हायची, मूळ कधीच हलायचं नाही.

उर्दू-मराठी शिक्षकाची आणखी एक अडचण असते. माझ्या निम्म्या फाईली इनपेजमधल्या. १९८१ मध्ये पाकिस्तानच्या मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नूरी नस्तालीक तयार झालं. दिल्लीत घडलेल्या इनपेजने १९९० च्या दशकात ते वळण घरगुती संगणकावर आणलं आणि कातिबाची बोरूची लेखणी खाली ठेवली गेली. पण जुन्या इनपेजची फाईल इनपेजशिवाय उघडत नाही. मराठीचंही तेच. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात लिहिलेली प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात. म्हणून एक नियम असाही केला की इनपेजच्या सगळ्या फाईली एका जागी जमा व्हाव्यात. आता सुट्टीत त्यांतली एकेक युनिकोडमध्ये आणतो आहे. जागेवर असलेली पण वाचता न येणारी फाईल काय कामाची?

वाचणारा हवाच

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा गावोगावची जुनी दफ्तरं उघडली गेली. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत, इतर ठिकाणच्या मोडीत. अचानक उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आयुष्यभर 'उर्दू शिकून काय करणार?' हा प्रश्न ऐकलेल्या माझ्यासारख्याला त्या दिवसांतल्या बातम्या वाचून काय वाटलं असेल, ते सांगायला नको. एका समाजाच्या हक्काचा कागद दुसऱ्या समाजाच्या म्हणवल्या जाणाऱ्या लिपीत सुरक्षित राहिला होता. दफ्तराला धर्म नसतो, फक्त नीट ठेवणारा आणि नीट वाचणारा लागतो.

चाचा चौथ्या दिवशी आले. मी यादीतून पान काढलं. शिकस्ता वळणाचं घाईतलं अक्षर. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जातीच्या रकान्यात अपेक्षेप्रमाणे 'मुसलमान'. आणि पेशाच्या रकान्यात एक शब्द, नद्दाफ. म्हणजे कापूस पिंजणारा, पिंजारी. मी मोठ्याने वाचला. चाचा म्हणाले, "हो जी, दादा गादी भरायचे. धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे." पानाचा क्रमांक हाती असल्याने मूळ रजिस्टर जपून उघडता आलं आणि मुख्याध्यापकांच्या सहीने उतारा मिळाला. पुढे पडताळणीच्या फेऱ्या त्यांना माराव्याच लागल्या. पण पिशवीत आता एक कागद जास्त होता.

ड्रॉपइटला 'नद्दाफ' म्हणजे काय हे कळत नाही. आपण सांगू तिथे फाईल नेऊन ठेवणं, एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते न थकता करतं. काय जपायचं, त्याला काय नाव द्यायचं, हे ठरवणं आपल्याकडेच राहतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात आजोबांचा शाळेचा दाखला असेल, जुनं खरेदीखत असेल, उर्दूतला किंवा मोडीतला एखादा कागद असेल, तर या रविवारी त्याचा स्वच्छ फोटो काढा. फोटोच्या नावात वर्ष, माणसाचं नाव आणि कागदाचं नाव लिहा. एक नक्कल मोबाईलबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवा. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला आत्ताच विचारा, तो आहे तोवर. आणि फाईल ओढताना दुसरा हात कंट्रोलवर असू द्या.